गोष्टीतून गणित-विज्ञान कसं शिकवायचं? वर्गात वापरता येईल अशी सविस्तर कृती

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत एक उदाहरण दिलं होतं. सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायचंय. किती बस लागतील? भागाकार बऱ्याच मुलांना जमला. पण ३२ हे उत्तर चौथ्या हिश्शाहूनही कमी मुलांनी लिहिलं. कितीतरी मुलांनी ‘३१, बाकी १२’ असं लिहून वही मिटली. त्या बाकी राहिलेल्या बारा माणसांना रस्त्यावर सोडायचं का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

हेच उदाहरण जोतिबाच्या यात्रेची जादा एस.टी. घालून आपल्या आठवीच्या वर्गात द्या. भागाकार येणारी मुलंही ‘३१ पूर्णांक १/३’ लिहितील. मुलं हुशार आहेत, मग असं का होतं? शाब्दिक उदाहरण म्हणजे मजकुरातले आकडे वेचायचे आणि नुकत्याच शिकलेल्या क्रियेत घालायचे, असं आपणच वर्षानुवर्षं त्यांच्या अंगवळणी पाडलंय. उदाहरणातली माणसं आणि बस त्यांना खऱ्या वाटतच नाहीत.

गोष्टीवर आधारलेली समस्या वर्गात आणायची ती यासाठी. पद्धत नवी नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून विद्यार्थी रुग्णाची हकीकत समोर ठेवून शिकू लागले. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि अनुभवातून शिकणं म्हणजे काय ते मराठी शाळेत करून दाखवलं. पण एखाद्या साध्या अनुदानित शाळेत साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका आणि डोक्यावर घटक चाचणी असताना हे कसं करायचं, असं मला शिक्षक वारंवार विचारतात. म्हणून मी जसं करते तसं सगळं इथं लिहितेय. मी माध्यमिकला गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळं उदाहरणं त्यातलीच आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: गोष्टीत निर्णय हवा

‘गणेशकाकांनी ५०० रुपयांचे आंबे आणले’ ही गोष्ट झाली नाही. तिथं काकांऐवजी ‘क’ लिहिलं तरी काही बिघडत नाही. गोष्ट तेव्हाच होते जेव्हा तिच्यातल्या एका माणसाला, एका ठरावीक वेळेच्या आत, दोन-तीन वाटांपैकी एक निवडायची असते आणि चुकलं तर त्याचं खरंच काही जातं. माणूस, निर्णय आणि मुदत या तीनपैकी एक जरी नसलं तरी मुलं लगेच आकडे वेचायला लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: घटक आधी, गोष्ट नंतर

छान गोष्ट सुचली म्हणून तिच्यात गणित कोंबायला जाऊ नका. आधी घटक घ्या. मग स्वतःला विचारा: आपल्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात हा हिशेब खरोखर कोण करतं? कागदावर करत नसेल, डोक्यात करत असेल, पण करतं कोण?

कोल्हापूर या बाबतीत श्रीमंत आहे. टक्केवारी आणि मिश्रणं घ्यायची असतील तर गुऱ्हाळ आहे. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. ऊस कारखान्याला घालावा की गुऱ्हाळावर न्यावा हा निर्णय दर हंगामात कितीतरी घरांत होतो. त्यात तोडणी आहे, गुळव्याची मजुरी आहे, मार्केट यार्डातला दर आहे. विज्ञानात द्रावणाचा उत्कलनबिंदू शिकवायचा असेल तरी तेच गुऱ्हाळ कामाला येतं. काहिलीतला रस आटत जातो, साखरेचं प्रमाण वाढतं तसं तापमान १०० अंशांच्या वर चढत ११५-११८ अंशांच्या आसपास जातं. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत दाबून बघतो. आधण एक मिनिट आधी उतरवलं तर गूळ चिघळतो, उशीर झाला तर करपतो. उतरवायचं कधी? हा झाला निर्णय.

संख्याशास्त्रातलं बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारी संख्या, शिकवायचंय? कोल्हापुरी चपलांच्या दुकानदारानं दिवाळीसाठी कुठल्या नंबरचे किती जोड भरून ठेवायचे ते ठरवायला सांगा. सगळ्या गिऱ्हाइकांच्या मापांची सरासरी काढून एकाच नंबरचे जोड भरले तर काय होईल, हे मुलं एका मिनिटात ओळखतात. सरासरी, मध्यक आणि बहुलक यांतला फरक त्यांना व्याख्येपेक्षा इथं लवकर कळतो.

दहावीच्या त्रिकोणमितीसाठी माझा सगळ्यात आवडता विषय अंबाबाईचा किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात आणि मूर्तीच्या चरणांवरून वर सरकत जातात. वाटेत कुठल्या इमारतीचा अडथळा येतो का, ढग आणि धूळ किती, याची चर्चा दरवर्षी वर्तमानपत्रांत असते. आता गोष्ट अशी: महाद्वाराच्या सरळ रेषेत, मूर्तीपासून ३०० मीटरवर, एकाला घरावर मजला चढवायचाय. परवानगी द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. सूर्य त्या वेळी क्षितिजाच्या २ अंश वर धरला तर टॅन २ अंश म्हणजे सुमारे ०.०३५. म्हणून मूर्तीच्या पातळीपासून साडेदहा मीटरपर्यंतची इमारत चालेल, त्याच्या वर गेली की किरण अडले. हे अंतर आणि हा कोन मी गोष्टीसाठी धरलेला आहे आणि मुलांना तसं सांगतेही. पुस्तकातला सूर्य बहुधा ३०, ४५ किंवा ६० अंशांवर उभा असतो. मावळतीचा सूर्य किती खाली असतो आणि एवढ्याशा कोनाला उंचीतला एक मीटर किती महाग पडतो, ते इथं दिसतं.

याच गोष्टीतून भूगोलही निघतो. दोन किरणोत्सव का? सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो २१ डिसेंबर १० नोव्हेंबरपासून ४१ दिवसांवर आहे आणि तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवसांवर. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परतताना पुन्हा त्याच जागी येतो. हे मुलांना सांगू नका. कॅलेंडर हातात द्या आणि दिवस मोजायला लावा.

दुसरी पायरी: खरे आकडे गोळा करा आणि खरं-धरलेलं वेगळं ठेवा

स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण, बाजार समितीचे दर, पावसाळ्यात रोज जाहीर होणारी बंधाऱ्याची पातळी, पालकांपैकी कुणाचं गुऱ्हाळ किंवा दुकान असेल तर त्यांच्याशी अर्धा तास बोलणं, एवढं पुरतं. पालक आनंदानं सांगतात. आपल्या धंद्यातलं ज्ञान शाळेला लागतंय याचा त्यांना अभिमान वाटतो आणि त्यांच्या मुलाची मानही वर्गात ताठ होते. हा फायदा कुठल्याही मूल्यमापनात बसत नाही, पण माझ्या दृष्टीनं तो फार मोठा आहे.

गोष्टीच्या कागदाखाली दोन ओळी नेहमी ठेवा: यातलं खरं काय, धरलेलं काय. मुलांना फसवलं गेल्याची भावना येता कामा नये.

तिसरी पायरी: गोष्ट लिहा

अर्धं पान, जास्तीत जास्त एक पान. चार नियम पाळा. एक, गरज नसलेली माहिती थोडी घाला. दोन, गरजेची एक-दोन माहिती मुद्दाम काढून घ्या. तीन, माणसं एकमेकांशी बोलतात तशीच बोलू द्या, आपल्या बोलीत. चार, शेवटी ‘किती?’ विचारू नका, ‘काय करायचं?’ विचारा.

नववीत दर, आलेखाचा चढ आणि दोन चलांतील रेषीय समीकरणं यांसाठी मी वापरते ती गोष्ट पूर्ण देते.

*जुलैचा शेवटचा आठवडा. संध्याकाळचे सहा. नदीकाठच्या गावात तात्यांच्या दारात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उभी आहे. गोठ्यात चार म्हशी, दोन रेडकं. घरात तात्या, काकी, कॉलेजला जाणारा दादा आणि गुडघ्यांमुळं चालता न येणारी आज्जी. माळ्यावर भाताची नऊ पोती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर दुपारी दोन वाजता पाणी ३६ फूट ८ इंच होतं. आता सहाला ३७ फूट ४ इंच आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पण गावाबाहेरचा ओढ्यावरचा पूल त्याच्या आधीच, बंधाऱ्यावर ३८ फूट झाले की बुडतो, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. पुलापलीकडं मामांच्या गावात जनावरं बांधायला जागा आहे.*

*दादा म्हणतो, “पाणी चढायलंय. आत्ताच हलूया.”*

*काकी म्हणते, “धार काढल्याबिगर म्हशी हलवायच्या न्हाईत. तासाभराचं काम हाय.”*

*तात्या म्हणतात, “अजून इशारा पातळीबी झाली न्हाई. जेवून आठला निघू.”*

*आज्जी म्हणते, “२०१९ ला बी असंच म्हणाला हुतासा.”*

*तुम्ही दादाच्या जागी आहात. काय ठरवाल? कोण, कधी, कसं जाईल ते वेळेसह लिहा आणि तात्यांना पटवा.*

इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट हे खरे आकडे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. घर, पूल आणि पूल बुडण्याची पातळी धरलेली आहे.

ट्रॉलीत किती जनावरं मावतात, एका फेरीला वेळ किती, पूल घरापासून किती लांब, यातलं काहीच गोष्टीत नाही. ते मुलांनी विचारायचंय.

चौथी पायरी: वर्गाआधी स्वतः सोडवा, तेही दोन-तीन वाटांनी

ही पायरी गाळली की वर्गात तारांबळ उडते. वरच्या गोष्टीचा माझा कागद असा आहे. चार तासांत ८ इंच, म्हणजे ताशी २ इंच. ३८ फुटांना अजून ८ इंच बाकी, म्हणजे पूल रात्री दहाला बुडेल. एका फेरीत दोन म्हशी आणि एक रेडकू. जनावरं चढवणं-उतरवणं धरून जाऊन-येऊन ५० मिनिटं. दोन फेऱ्या जनावरांच्या, तिसरी माणसांची आणि धान्याची.

सहाला निघालं तर तिसरी फेरी ७.४० ला घर सोडते. धार काढून सातला निघालं तर ८.४० ला. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणं जेवून आठला निघालं तर ९.४० ला, म्हणजे पूल बुडायच्या वीस मिनिटं आधी. तात्यांचा हिशेब ताशी २ इंचांना बरोबर बसतो. हे मुद्दाम तसं ठेवलंय. तात्या अडाणी नाहीत, त्यांनी फक्त गृहीत धरलंय की पाणी याच वेगानं वाढणार.

त्यासाठी दुसरी बातमी खिशात ठेवायची: राधानगरी धरणाचे तीन स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पोलीस पाटील म्हणतात, वाढ ताशी ३ इंचांवर जाईल. आता ८ इंचांना २ तास ४० मिनिटं. पूल बुडणार ८.४० ला. काकींच्या बेतातली तिसरी फेरी बरोबर त्याच मिनिटाला घर सोडते! दरातल्या एका इंचानं तात्यांचा बेत बुडाला आणि काकींचीही शेवटची फेरी हुकली. समीकरणात मांडायचं तर x म्हणजे सहानंतरचे तास आणि y म्हणजे इंचांत पातळी धरून y = ४४८ + २x ऐवजी y = ४४८ + ३x झालं, आणि y = ४५६ ही आडवी रेषा दोन्हींना कुठं छेदते ते बघायचं. इतकंच गणित आहे. पण चढ म्हणजे काय ते या आलेखावर मुलं बोट ठेवून दाखवतात.

पाचवी पायरी: पहिली तासिका

दोन तासिका सलग मिळाल्या तर उत्तम, नाहीतर लागोपाठच्या दोन दिवशी घ्या. चार-चार मुलांचे गट करा. साठ मुलं असली तरी पंधरा गट सांभाळता येतात, बाक हलवायची गरज नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळून बसायचं. गटात एकानं लिहायचं, एकानं वेळ बघायचा, एकानं माझ्याकडं येऊन प्रश्न विचारायचे आणि एकानं गटाच्या प्रत्येक म्हणण्यावर शंका काढायची. शंका काढणारा नेमलेला असला की लाजरी मुलंही बोलतात. हुशार मुलाच्या चुका काढायची ती परवानगीच असते.

गोष्ट मोठ्यानं वाचा. बोलीतले संवाद मुलांकडून वाचून घ्या. त्यानंतर दहा मिनिटं पेन खाली. फक्त बोलायचं आणि पानावर दोन रकाने भरायचे: ‘काय माहीत आहे’ आणि ‘काय विचारायला हवं’. या दहा मिनिटांत कुणी आकडेमोड सुरू केली तर थांबवा. सगळ्या पद्धतीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फलदायी भाग हाच आहे.

मग प्रश्न विचारणारा माझ्याकडं येतो. माझ्याजवळ माहितीच्या चिठ्ठ्या असतात. ज्यानं जे विचारलं त्याला तेवढीच चिठ्ठी. “अजून काही सांगा की मॅडम” याला उत्तर एकच: “तुला काय लागतंय?” प्रश्न नेमका येईपर्यंत चिठ्ठी द्यायची नाही. ‘ट्रॉली केवढी?’ हा प्रश्न अर्धवट आहे, ‘ट्रॉलीत एका वेळी किती म्हशी मावतात?’ हा पुरा.

उरलेली वीस मिनिटं गट काम करतात. तुम्ही फिरा आणि गप्प राहायचा प्रयत्न करा. गट अडकला तर उत्तराच्या दिशेनं ढकलू नका, गोष्टीकडं परत न्या. “आता किती वाजले तुमच्या गोष्टीत? आज्जी कुठं आहे?” असं विचारलं की बहुतेक गट स्वतःच सुटतात. आज्जीला विसरणारे गट हमखास असतात.

तासिका संपायच्या सात-आठ मिनिटं आधी फळ्यावर दुसरी बातमी लिहा. वर्गात एकच कल्लोळ होतो, होऊ द्या. बदललेला बेत घरी जाऊन पूर्ण करायचा.

सहावी पायरी: दुसरी तासिका, पटवून देणं

सगळ्या गटांना बोलवायला वेळ नसतो. वेगवेगळ्या निर्णयांचे तीन-चार गट निवडा. बाकीच्यांनी तात्या व्हायचं, म्हणजे आक्षेप घ्यायचे. प्रत्येक सादरीकरणाला मी दोन प्रश्न विचारतेच. तुमचा अंदाज चुकला तर नुकसान कुणाचं आणि किती? आणि कुठला आकडा बदलला तर तुमचा निर्णय बदलेल?

इथं मुलं असं काही बोलतात की आपण ऐकत राहावं. एका गटातल्या मुलीनं उभं राहून सांगितलं, “मॅडम, म्हशी ट्रॉलीत कशाला घालायच्या? चालवत न्यायच्या. पूल किलोमीटरभरच हाय. पूल वलांडला की झालं, पुढं रात्रभर चालल्या तरी चालतंय.” तिनं वेळ मोजली होती ती मामांच्या गावापर्यंतची नव्हे, पुलापर्यंतची. मुदत पुलाला आहे, मुक्कामाला नाही, हे वर्गात इतर कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या बेतात दादा म्हशी हाकत पुलापार जातो, ट्रॉली पहिल्याच फेरीत आज्जीला आणि रेडकांना घेऊन निघते आणि धार मामांच्या गोठ्यात निघते. गणितात ती मुलगी जेमतेम पास होणारी. घरी म्हशी आहेत. त्या दिवसापासून ती प्रश्न विचारणारी झाली.

दुसऱ्या एका मुलानं विचारलं, “दरवाजे उघडल्यावर ते पाणी इथवर यायला वेळ लागतोय की, मग वाढ लगेच सहालाच कशी सुरू हुईल?” अगदी योग्य शंका. राधानगरी भोगावतीवर आहे आणि पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी यांचंही पाणी येतं. पातळी सरळ रेषेत वाढत नाही. सरळ रेषा हे आपण धरलेलं सोपं रूप आहे, हे मुलांच्या तोंडून आलं की गणिताच्या प्रतिमानाबद्दल (मॉडेलबद्दल) वेगळा पाठ घ्यावा लागत नाही. हातात वेळ असेल तर इथंच आणखी एक हिशेब देते. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून सुमारे १४२८ क्युसेक पाणी सुटतं. तीन दरवाजे म्हणजे ४२८४ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. गुणाकार करा म्हणावं. सेकंदाला एक लाख एकवीस हजार लिटरचा आकडा फळ्यावर आला की वर्ग क्षणभर शांत होतो.

सातवी पायरी: शेवटची पंधरा मिनिटं तुमची

गोष्टी घेऊन शिकवणारे बरेच शिक्षक इथं थांबतात आणि मग म्हणतात, मुलांना मजा आली पण पेपरात काही दिसलं नाही. दिसणार कसं? मुलांनी जे केलं त्याला पुस्तकातलं नाव कुणी दिलंच नाही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत खडू हातात घ्या. ‘तुम्ही ताशी २ इंच म्हणालात त्याला चढ म्हणतात, ४४८ हा स्थिरांक, दोन रेषा इथं वेगळ्या होतात’ असं स्पष्ट, थेट शिकवा. मग पुस्तकातली दोन साधी उदाहरणं तिथल्या तिथं सोडवून घ्या, ज्यांत ना नदी आहे ना म्हैस. गोष्टीतून शिकलेलं गोष्टीतच अडकून राहू नये म्हणून हे करायचं. पुढच्या आठवड्यात वेगळ्याच गोष्टीत, उदाहरणार्थ पाण्याची टाकी रिकामी होण्यात, तेच समीकरण पुन्हा भेटू द्या.

गुण कसे द्यायचे

मी दहापैकी देते. योग्य माहिती मागितली याला २, गणित बरोबर याला ३, निर्णयाला दिलेलं कारण ३, दुसऱ्याच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर २. उत्तर एकच नसतं, पण म्हणून काहीही चालतं असं नाही. ८.४० ला पुलावर पोचणारा बेत मांडून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या गटाचे कारणाचे गुण जातात. गटाला एकत्र गुण द्या, पण नंतर प्रत्येकाला ‘तात्यांना चार ओळींची चिठ्ठी’ स्वतंत्र लिहायला लावा. कोण गटात नुसतं बसलं होतं ते त्या चार ओळींत कळतं.

कधी वापरू नये

अपूर्णांकांची बेरीजच येत नसेल तर गोष्ट देऊ नका. अगदी नवख्या मुलांना आधी पायऱ्या सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात, हे ऑस्ट्रेलियन संशोधक जॉन स्वेलर यांच्या कामातून पुढं आलं आहे आणि वर्गातही तेच दिसतं. कौशल्य नवीन आणि परिस्थितीही नवीन असली की मूल दोन्हीकडून बुडतं. आधी सराव, थोडा हात बसला की गोष्ट. म्हणून प्रत्येक पाठाला गोष्ट शोधत बसू नका. एका सत्रात दोन-तीन चांगल्या गोष्टी पुरतात. त्यांनी पोर्शनही अडत नाही, कारण दर, आलेख आणि समीकरण मिळून तशाही चार-पाच तासिका जातातच.

आणि पुराची गोष्ट जपून. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, जनावरं गेली, ती मुलं तुमच्या वर्गात असू शकतात. आदल्या दिवशी त्यांच्याशी स्वतंत्र बोला. नको म्हणाली तर गुऱ्हाळाची गोष्ट घ्या, गणित तेच बसवता येतं. काही मुलं उलट म्हणतात, मीच सांगतो त्या रात्री काय झालं. त्यांना सांगू द्या, पण सांगायला लावू नका. गोष्ट संपल्यावर प्रत्येक वेळी स्पष्ट बजावा की खऱ्या पुरात प्रशासनानं स्थलांतर सांगितलं की त्याच क्षणी निघायचं, आकडेमोड करत बसायचं नाही.

गोष्टीचा कागद जपून ठेवा

वर्ग झाला की त्याच दिवशी कागदाच्या मागं तीन गोष्टी टिपा: मुलांनी विचारलेले पण तुमच्याकडं चिठ्ठी नसलेले प्रश्न, कुठल्या वाक्याशी गट अडखळले, आणि अनपेक्षित निघालेला एखादा मार्ग. पुढच्या वर्षी नवी चिठ्ठी त्यातूनच तयार होते. माझ्या पुराच्या गोष्टीत ‘पूल घरापासून किती लांब’ ही चिठ्ठी आता नेहमी असते. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे कागद अदलाबदल करा. शिरोळच्या शाळेतल्या सरांची गोष्ट क्षारपड जमिनीची असेल, गगनबावड्याच्या मॅडमची पावसाच्या मोजमापाची. गावाचं नाव, पिकाचं नाव आणि दर बदलला की ती तुमच्या वर्गात चालते. फक्त माणूस, निर्णय आणि मुदत यांना हात लावू नका.